पंप चालू आहे, पण पाणी वाहतंय का?

28 मार्च 1979. पहाटेचे चार नुकतेच वाजून गेले होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचात वाफ तयार करणाऱ्या टाक्यांना पाणी पुरवणारे मुख्य पंप बंद पडले. अशा वेळी आपोआप सुरू होणारे तीन राखीव पंप होते. ते चोख सुरू झाले. नियंत्रण कक्षात तसं दिसलं आणि ऑपरेटरांच्या लेखी तो विषय संपला. पण या पंपांच्या पुढच्या पाइपांवरचे दोन व्हॉल्व्ह बंद होते. आठ मिनिटं पंप जोरात फिरत राहिले आणि टाक्यांपर्यंत थेंबभरही पाणी पोचलं नाही. व्हॉल्व्ह बंद असल्याचे दिवे पॅनेलवर होते, पण त्यातला एक दुरुस्तीच्या पिवळ्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता.

त्या अपघातात अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला तो मुख्यतः दुसऱ्याच एका व्हॉल्व्हमुळे. तो उघडाच अडकून पडला होता आणि पॅनेलवरचा दिवा मात्र ‘बंद’ दाखवत होता, कारण त्या दिव्याला व्हॉल्व्हची खबरच नव्हती. ‘बंद हो’ हा हुकूम विजेच्या तारेतून गेला, एवढंच त्याला माहीत होतं. चौकशी आयोगाच्या मते आठ मिनिटांच्या त्या कोरड्या पंपिंगने शेवटच्या नुकसानीत फारसा फरक पडला नाही, गोंधळात मात्र भर पडली. तरी दोन्ही चुका एकाच जातीच्या. हुकूम सुटला म्हणजे काम झालं, असं धरून चालायचं. पुढे अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने सगळ्या केंद्रांना सुधारणांची यादी दिली, तिच्यात या राखीव पाण्याचा प्रवाह थेट नियंत्रण कक्षात दिसलाच पाहिजे, ही अट होती.

प्रवाहाची खबर देणारी साधनं अनेक आहेत. काही महागडी मीटरं लिटरच्या शतांश भागापर्यंत हिशेब देतात. पण कारखान्याच्या बहुतेक पाइपांवर जे बसलेलं दिसतं ते त्याहून कितीतरी साधं, मुठीत मावणारं उपकरण असतं. त्याला शॉपफ्लोअरवर सगळे ‘फ्लो स्विच’ म्हणतात. किती वाहतंय, असं त्याला विचारलं तर ते गप्प बसेल. पुरेसं वाहतंय का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर ते देतं, आणि ‘पुरेसं’ म्हणजे किती हे त्याच्या अंगावरच्या एका छोट्या स्क्रूने ठरतं. हा स्क्रू फिरवता येतो, हीच त्याची खरी गंमत आहे.

पण आधी एक शंका मनात येईल. पंपावर प्रेशर गेज असतोच, मग वेगळा स्विच कशाला? सेंट्रिफ्यूगल पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद केला की गेजचा काटा खाली येत नाही, उलट वर चढतो. पाणी अजिबात वाहत नसताना असा पंप सहसा जवळजवळ सर्वाधिक दाब दाखवतो. म्हणजे काटा पाहून खूश व्हावं असा क्षण आणि पाइपात शून्य प्रवाह असण्याचा क्षण एकच असू शकतो. त्यात मोटर खात असलेली वीज कुठे जाते? पाणी पुढे ढकललं जात नाही, तेव्हा ती सगळी पंपाच्या पोटातल्या पाण्यालाच तापवते. समजा, पोटात 20 लिटर पाणी अडकलंय आणि पंखा त्यात 10 किलोवॅट ओततोय. 30 अंशांचं पाणी उकळायला साधारण दहा मिनिटं पुरतात. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद राहिले तर तो पंप म्हणजे झाकण घट्ट बसवलेला बॉयलरच. अशा पंपांचे स्फोट झाले आहेत.

तेव्हा दाब नको, विजेचा प्रवाह नको, मोटरचा हिरवा दिवा तर नकोच. पाण्यालाच विचारलं पाहिजे.

विचारायची सर्वांत जुनी आणि सरळ पद्धत म्हणजे पाण्याच्या वाटेत एक पट्टी आडवी धरायची. पाइपाला वरून भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी सोडतात. पाणी तिला ढकलतं, ती मागे झुकते, बाहेरच्या डबीतली तरफ हलते आणि विजेचा संपर्क जुळतो. तिला परत आणायला स्प्रिंग असते. स्प्रिंग घट्ट केली की पट्टी हलायला जास्त प्रवाह लागतो, सैल केली की कमी. झाला आपला स्क्रू. वातानुकूलनाच्या पाइपांवर बसणाऱ्या अनेक स्विचांबरोबर वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या मिळतात आणि त्यांच्यावर पाइपाच्या मापाच्या खुणा असतात. फिटर कात्रीने त्या खुणेवर पट्टी कापतो. इतक्या महत्त्वाच्या सुरक्षा-साधनाचं माप कोणीतरी पाइपाशेजारी उकिडवं बसून पत्रा कापायच्या कात्रीने ठरवतं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

या पट्टीची एक खोड आहे. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. धावत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्याला हे माहीत असतं. गाडी गावातून रमतगमत जाते तेव्हा हाताला वारा कुरवाळतो आणि हमरस्त्याला लागली की तोच वारा हात मागे फेकतो. पाण्याचं गणितही तसंच. दहा चौरस सेंटिमीटरच्या पट्टीवर सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी आदळलं तर रेटा सुमारे 60 ग्रॅम वजनाएवढा येतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट, 240 ग्रॅमच्या आसपास. वेग अर्धा झाला की 15 ग्रॅम आणि पाव झाला की चार ग्रॅमही नाही. म्हणजे प्रवाह जसजसा धोक्याच्या पातळीकडे घसरतो, तसतसं पट्टीच्या हातातलं बळही वेगाने आटत जातं. जिथे तिने सर्वांत ठाम असायला हवं, तिथेच ती सर्वांत दुबळी. म्हणून असे स्विच मोठ्या प्रवाहावर बिनधास्त चालतात आणि अगदी बारीक धारेवर लटपटतात.

इतक्या क्षीण, हळूहळू येणाऱ्या हालचालीवर विजेचा संपर्क जोडायचा तर आणखी एक अडचण येते. धातूची दोन टोकं सावकाश जवळ आली की मध्ये ठिणग्या उडतात आणि टोकं जळतात. यावरचा तोडगा 1932 मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या फ्रीपोर्ट गावी पीटर मॅकगॉल यांना सापडला. आज आपण त्याला मायक्रोस्विच म्हणतो. आत धातूची वाकवलेली पातळ पट्टी असते. तिला कितीही सावकाश दाबलं तरी एका बिंदूपर्यंत ती जागची हलत नाही, आणि तो बिंदू ओलांडला की क्षणात दुसऱ्या बाजूला उलटते. ‘टिक’ असा आवाज येतो तो तिचाच. तुमच्या संगणकाच्या माउसमध्येही तोच आवाज आहे. बाहेरचं जग कितीही संथ असो, आतला निर्णय एका झटक्यात.

या उलटण्यातच दुसरी एक गोष्ट दडलेली आहे आणि फ्लो स्विच समजून घेताना ती समजली नाही तर सगळं फसतं. पट्टी ज्या बिंदूला पलीकडे उलटते, त्याच बिंदूला परत येत नाही. परत यायला तिला आणखी थोडं मागे जावं लागतं. म्हणजे प्रवाह कमी होताना अलार्म वाजला मिनिटाला 42 लिटरला, तर तो थांबायला प्रवाह 47 पर्यंत वर यावा लागेल. या दोन आकड्यांमधल्या पाच लिटरला इन्स्ट्रुमेंटवाले डेडबँड म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा दोष वाटतो. खरं तर ही मेहेरबानी आहे. पाइपातलं पाणी कधीच एकसारखं वाहत नाही. पंपाच्या पात्यांचे ठोके, कोपऱ्यातले भोवरे, हवेचे बुडबुडे यांनी ते सतत थरथरत असतं. दोन्ही आकडे एकच असते तर प्रवाह त्या सीमारेषेवर आला की हूटर दर सेकंदाला वाजून बंद झाला असता.

पट्टीच्या स्विचला पाइपातून बाहेर हालचाल आणायची असते, आणि हालचाल बाहेर येते तिथून पाणीही बाहेर यायला बघतं. तिथे सील किंवा धातूचा लवचिक भाता बसवावा लागतो आणि तोच कधीतरी गळतो. पाणी असेल तर लादी ओली होईल. आत आम्ल किंवा विद्रावक असेल तर प्रकरण गंभीर होतं. मग भिंतीला भोकच पाडायचं नाही, असं ठरवलं तर?

बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधले वॉल्टर एलवूड यांनी 1936 मध्ये रीड स्विच शोधला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे टेलिफोन होते. काचेची लहान नळी, तिच्यात निष्क्रिय वायू आणि निकेल-लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या, टोकांमध्ये अगदी बारीक फट. चुंबक जवळ आला की दोन्ही टोकांना विरुद्ध ध्रुव येतात आणि ती एकमेकांना चिकटतात. चुंबक दूर गेला की पट्ट्यांची लवचिकताच त्यांना वेगळं करते. धूळ नाही, गंज नाही, हवेचा स्पर्श नाही. फ्लो स्विच बनवणाऱ्यांना हे वरदानच होतं. पितळी किंवा प्लास्टिकच्या पाइपात चुंबक बसवलेला एक लहान दट्ट्या सोडायचा. पाणी त्याला पुढे ढकलतं, स्प्रिंग किंवा त्याचं स्वतःचं वजन त्याला मागे आणतं. बाहेर, कोरड्या बाजूला, रीड स्विच. चुंबकाचं क्षेत्र पितळातून आरपार जातं, पाणी मात्र जाऊ शकत नाही. आणि ‘पुरेसं’ची व्याख्या बदलायची असेल तर रीड स्विचची खोबण अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे सरकवायची. पाइपाला हातही लावावा लागत नाही.

डेडबँड इथेही आपसूक येतो. टोकं दूर असताना त्यांना जवळ ओढायला जास्त चुंबकीय बळ लागतं. एकदा ती भिडली की मधली फट संपते, चुंबकीय रेषांना सलग लोखंडी वाट मिळते आणि कमी बळातही ती धरून राहतात. मॅकगॉल यांच्या वाकवलेल्या पट्टीचा आणि या काचेच्या नळीचा काहीएक संबंध नाही, तरी दोघांच्या स्वभावात हा हट्ट सारखाच.

वर्गाच्या त्या नियमातून सुटण्याची वाट मात्र या दोघांच्याही आधी जर्मनीत सापडली होती. 1908 मध्ये आखेन शहरात कार्ल कुपर्स यांनी एका विलक्षण साध्या मीटरची कल्पना मांडली. त्यांच्या शोधाचं मोल ओळखून फेलिक्स मायर यांनी तिथेच कंपनी काढली आणि हा मीटर ‘रोटामीटर’ म्हणून जगभर गेला. उभी काचेची नळी, खाली अरुंद आणि वर किंचित रुंद होत जाणारी. तिच्यात एक तरंगता लोलक. खालून पाणी किंवा वायू आला की लोलक वर उचलला जातो. जसजसा तो वर जातो, तसतशी त्याच्या आणि काचेच्या मधली गोल फट रुंदावते. एका उंचीवर वरचा रेटा आणि त्याचं वजन बरोबरीत येतात आणि तो स्थिरावतो. करोनाच्या दिवसांत ऑक्सिजन सिलिंडरच्या तोंडाशी नळीत तरंगणारी गोळी अनेक घरांनी पाहिली. ती हीच.

यातली युक्ती डोकं लावून पाहण्यासारखी आहे. लोलकाचं वजन कधी बदलत नाही, म्हणून त्याला उचलून धरणारा रेटाही बदलत नाही. रेटा तोच म्हणजे फटीतून जाणाऱ्या पाण्याचा वेगही जवळपास तोच. मग जास्त पाणी जाणार कुठून? जास्त रुंद फटीतून. पट्टीच्या स्विचमध्ये वाट ठरलेली आणि वेग बदलतो, इथे वेग ठरलेला आणि वाट बदलते. वर्ग नाहीसा झाला. दुप्पट प्रवाहाला लोलक साधारण दुप्पट उंचीवर जातो आणि खालच्या टोकालाही तो तितकाच ठाम असतो.

अशा मीटरच्या बाजूला पट्टी बसवून तिच्यावर सरकणारा रीड स्विच लावला आणि लोलकात चुंबक घातला की अलार्म तयार. मात्र इथे एक सापळा आहे. साधा रीड स्विच चुंबक समोर असेपर्यंतच बदललेला राहतो. समजा, अलार्म 10 लिटरच्या रेघेवर लावला. प्रवाह घसरला, लोलक 10 च्या समोर आला, अलार्म वाजला. मग प्रवाह आणखी घसरला, लोलक तळाशी जाऊन बसला आणि रीडपासून इतका दूर गेला की संपर्क पूर्ववत झाला. पाणी पूर्ण थांबलंय आणि पॅनेल म्हणतंय सर्व ठीक. म्हणून अशा मीटरांत रीडच्या शेजारी एक चिमुकला कायमचा चुंबक ठेवतात. लोलक खाली जाताना संपर्क एका बाजूला पडतो आणि लोलक पुन्हा वर जाईपर्यंत तसाच पडून राहतो. विजेची मदत नाही, संगणक नाही. एका चुंबकाला दुसऱ्या चुंबकाने दिलेली ही आठवण आहे.

हलणारा भागच नको असेल तर उष्णतेचा रस्ता आहे. पाण्यात एक बारीक टोक बुडवायचं, त्याला थोडंसं तापवायचं आणि शेजारच्या न तापवलेल्या टोकाशी तापमान ताडून पाहायचं. प्रवाह असेल तर उष्णता वाहून जाते आणि फरक कमी होतो, थांबला की फरक वाढतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लुई किंग यांनी 1914 मध्ये तापलेल्या तारेवरून जाणाऱ्या प्रवाहाचं गणित मांडलं, ते आजही या स्विचांच्या मुळाशी आहे. इथे स्क्रूच्या जागी बटणं आणि छोट्या दिव्यांची रांग असते. अडकायला काही नाही हा मोठा फायदा. टोकावर गाळ साचला की ते आळशी होतं, हा तोटा.

या सगळ्यांत माझा आवडता फ्लो अलार्म मात्र पाण्यासाठी नाहीच. तो ट्रान्सफॉर्मरच्या तेलासाठी आहे आणि त्यातला प्रवाह बहुतेक वेळा शून्य असतो. माक्स बुकोल्झ या जर्मन अभियंत्याने तो 1921 मध्ये तयार केला. महापारेषणच्या कुठल्याही मोठ्या उपकेंद्राच्या कुंपणाबाहेरून पाहिलं तर ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर एक आडवं पिंप दिसतं. तेल तापून फुगलं की जास्तीचं तेल त्यात चढतं. मुख्य टाकी आणि हे पिंप यांना जोडणारा पाइप किंचित चढता ठेवतात आणि त्याच पाइपात, काचेची खिडकी असलेला एक डबा बसवतात. तो बुकोल्झ रिले.

त्याच्या आत दोन पहारेकरी असतात. वरचा तरंगता गोळा. ट्रान्सफॉर्मरच्या आत कुठे इन्सुलेशन हळूहळू जळू लागलं तर तेलातून वायूचे बुडबुडे निघतात, चढत्या पाइपातून वर येतात आणि डब्याच्या छताशी साठतात. तेलाची पातळी खाली जाते, गोळाही खाली येतो आणि अलार्म वाजतो. अजून वेळ असतो. माणूस येतो, साठलेला वायू बाहेर काढून तपासतो. खिडकीतून त्याचा रंग पाहूनही जुने लोक अंदाज बांधत. रंगहीन आणि न पेटणारा असेल तर बहुधा नुसतीच हवा शिरलेली.

खालचा पहारेकरी म्हणजे तेलाच्या वाटेत लटकणारी झडप, आणि ती म्हणजे खराखुरा फ्लो स्विच. आत मोठा शॉर्टसर्किट झाला तर ठिणगीभोवतीच्या तेलाचा क्षणात वायू होतो आणि तेलाचा लोंढा पाइपातून पिंपाकडे धावतो. झडप उलटते आणि ब्रेकर ट्रिप होतो. इथे कोणाला कळवायचं वगैरे नाही, थेट वीज तोडायची. आता स्क्रूचा प्रश्न बघा. भर दुपारी लोड वाढला की तेल फुगून त्याच पाइपातून वर जातं, पण मुंगीच्या वेगाने. थंड करण्यासाठी तेल फिरवणारे पंप सुरू झाले की एक धक्का बसतो, तो जरा मोठा. या दोन्हींना झडपेने दाद देता कामा नये. लोंढ्याला मात्र दिलीच पाहिजे. म्हणून झडप ठरावीक वेगालाच उलटेल अशी ती चुंबकाने किंवा स्प्रिंगने धरून ठेवतात. हा वेग ट्रान्सफॉर्मरच्या आकाराप्रमाणे निवडतात आणि तो साधारण सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो. शंभर वर्षं झाली तरी, संगणकी रिलेंच्या शेजारी हा डबा अजून तसाच बसलेला आहे.

बुकोल्झचं सेटिंग बहुधा कारखान्यातच ठरून येतं. इतर स्विचांचं सेटिंग जागेवर करायचं असतं आणि तिथे माणसाचा कस लागतो. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात वेल्डिंग यंत्राला मिनिटाला 60 लिटर थंड पाणी जातं. 35 च्या खाली गेलं तर तांब्याची टोकं खराब होतात. नवखा माणूस म्हणेल, सुरक्षित राहू, 55 ला अलार्म लावू. पण शेजारचं यंत्र सुरू झालं की पाणी वाटलं जातं आणि प्रवाह 48 वर येतो. हूटर दिवसातून वीस वेळा वाजेल आणि आठवड्याभरात कोणीतरी त्याची वायर काढून ठेवेल. 36 ला लावला तर वाजेपर्यंत उशीर झालेला असेल. 42 ला वाजणारा आणि 47 ला थांबणारा स्विच इथे बसतो. डेडबँड जरा मोठा, आठ लिटरचा असता, तर थांबायला 50 लागले असते, आणि शेजारचं यंत्र चालू असेपर्यंत अलार्म एकदा वाजला की थांबलाच नसता. म्हणून जाणता माणूस स्विच विकत घेताना किती लिटरला वाजतो एवढंच पाहत नाही, किती लिटरला शांत होतो हेही पाहतो.

कॅटलॉगमधला आकडाही जसाच्या तसा घेऊन चालत नाही. तो बहुधा साध्या तापमानाच्या पाण्यासाठी असतो. वजनावर परत येणारा दट्ट्या आडव्या पाइपात एका आकड्याला वाजतो, उभ्यात दुसऱ्याला. आणि तेलासाठी लावलेला स्विच ऋतूप्रमाणे मत बदलतो. जानेवारीतल्या सकाळी गिअरबॉक्सचं तेल दुपारच्यापेक्षा कित्येक पट दाट असतं. दाट तेल दट्ट्याला चिकटून ओढत नेतं, त्यामुळे थोडंसंच तेल वाहत असतानाही स्विच ‘पुरेसं आहे’ म्हणतो, नेमकं बेअरिंगांना तेलाची सर्वांत जास्त गरज असताना. यासाठी दाटपणाचा परिणाम कमी करणारे खास आकाराचे दट्टे मिळतात. तेलावर पाण्याचा स्विच लावणाऱ्याला मात्र ते कोणी सांगत नाही. पाइपाच्या वळणाला लागून स्विच बसवला तर भोवऱ्यांमुळे तो भरकटतो, म्हणून त्याच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या पाच-दहा पट सरळ पाइप सोडायला सांगतात. जागा कमी असली की पहिला बळी याच नियमाचा जातो.

वेळेचाही एक स्क्रू असतो. सगळ्यात गमतीचा पेच यंत्र सुरू करताना पडतो. प्रवाह नसेल तर पंप चालू द्यायचा नाही, आणि पंप चालू झाल्याशिवाय प्रवाह येणार नाही. म्हणून सुरुवातीचे काही सेकंद स्विचकडे मुद्दाम काणाडोळा करायचा आणि मग त्याचं ऐकायचं.

इमारतींच्या आगविरोधी फवाऱ्यांत हाच उशीर उलट कामाला येतो. तिथे पाइपातलं पाणी वर्षानुवर्षं निश्चल उभं असतं आणि ते वाहू लागणं हीच वाईट बातमी. आग लागून छतातला एक जरी फवारा फुटला तरी पाइपात सोडलेलं प्लास्टिकचं पातळ पान हलतं आणि घंटा वाजते. पण रस्त्यावरच्या मुख्य पाइपात दाबाचा धक्का आला तरी ते पान क्षणभर फडफडतं. म्हणून स्विचमध्ये हवेच्या दाबावर चालणारा, तबकडीने कमी-जास्त करता येणारा उशीर असतो. पान ठरलेले सेकंद सलग वाकलेलं राहिलं तरच घंटा. हा उशीर किती चालेल यालाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या एनएफपीए 72 या मानकानुसार एका फवाऱ्याएवढं पाणी वाहू लागल्यापासून 90 सेकंदांच्या आत इशारा गेलाच पाहिजे. खोट्या घंटा किती सोसायच्या आणि खऱ्या आगीत किती सेकंद गमवायचे, याचा सौदा त्या तबकडीवर होतो.

खोट्या घंटांची किंमत कमी समजू नका. 24 जुलै 1994 रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर 275 अलार्म आले होते. खरी बातमी त्यांतच कुठेतरी होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये निघालेली ईईएमयूए 191 ही मार्गदर्शिका सांगते, की एका माणसाला दीर्घ काळाच्या सरासरीने दहा मिनिटांत एकाहून कमी अलार्म यावेत. म्हणजे प्रत्येक फ्लो स्विचचा स्क्रू फिरवणारा माणूस कळत-नकळत दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षाचा साठाही खर्च करत असतो.

राहिली वायरिंगची गोष्ट, ती थोडक्यात. चांगल्या पॅनेलमध्ये पुरेसा प्रवाह असताना संपर्क जुळलेला ठेवतात आणि प्रवाह घटला की तो सुटतो. असं केलं की वायर उंदराने कुरतडली, टर्मिनल सैल झालं किंवा वीज गेली, तरी पॅनेलला तो धोकाच वाटतो. बिघाड स्वतःहून ओरडतो.

सगळे बिघाड मात्र ओरडत नाहीत. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून पट्टी झुकलेल्या स्थितीतच घट्ट होते. लांब केबल किंवा मोठ्या कॉइलमुळे जास्त करंट गेला तर रीडची टोकं वितळून एकमेकांना जोडली जातात. दोन्हीत स्विच ‘पुरेसं वाहतंय’ असंच सांगत राहतो, कायमचं. आणि तिसरा बिघाड माणसाच्या हातचा. उत्पादन अडलं म्हणून रात्रपाळीत कोणीतरी दोन टर्मिनलांमध्ये वायरचा तुकडा घालून जंपर मारतो आणि तो काढायचं राहून जातं. बाहेरून पाहता यातला एकही बिघाड दिसत नाही. हिरवा दिवा तिन्ही वेळा लागलेलाच असतो.

म्हणून तुमच्या कारखान्यात, सोसायटीच्या पंपघरात किंवा इस्पितळाच्या चिलरवर असा स्विच असेल तर पुढच्या देखभालीच्या दिवशी एवढं करा. पाणी वाहत असताना व्हॉल्व्ह सावकाश बंद करत न्या, हूटर किती लिटरला वाजतो ते पाहा, मग व्हॉल्व्ह उघडत जा आणि तो किती लिटरला थांबतो तेही पाहा. दोन्ही आकडे तारखेसह स्विचच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. आणि हूटर वाजलाच नाही, तर तो वाजेपर्यंत यंत्र सुरू करू नका.